भिवराचा लाल खिळा

एकदा काय झालं, एका राजाला तांब्याच्या लाल रंगाचा भारी सोस. भांड्यांच्या आतली पांढरी कल्हई त्याला बघवेना. मग त्यानं कल्हईवाल्याला गावाबाहेर घालवलं आणि सगळी भांडी आतून खरवडून घेतली.

राजाकडे स्वयंपाक करायची भिवरा. ती म्हणाली, "महाराज, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट कळकतं, विषारी होतं हो." राजानं ऐकलं नाही.

मग एक दिवस राणी आमसुलाचं सार प्यायली आणि तिला ओकाऱ्याच सुरू झाल्या. डोळे पार आत गेले. राजा ओरडला, "भिवरानं विष घातलं! द्या तिला सुळावर!"

 भिवरा म्हणाली, "सारात विष होतं, महाराज. ते आलं कुठून, ते दाखवते. तीन दिवस द्या मला."

मग तिनं तीन भांडी मांडली. एक मातीचं, एक तिच्या घरून आणवलेलं जुनं कल्हईचं, एक खरवडलेलं तांब्याचं. तिन्हीत लिंबाचा रस पिळला, मीठ घातलं. दारावर पहारा बसला. भिवरा भांड्यांपाशीच बसली, बरं का.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी तांब्यातला रस हिरवट दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी मोराच्या मानेसारखा झाला. बाकीचे दोन जसेच्या तसे.

मग राजा आला. भिवरानं तिन्हीत एकेक घासलेला लोखंडी खिळा सोडला. मातीच्या भांड्यात खिळ्यावर बारीक बुडबुडे आले. कल्हईच्या भांड्यातही तसेच आले. थोड्या वेळानं तिनं खिळे काढले. दोन काळपट. तिसरा लालेलाल!

"हे काय गं?" राजा म्हणाला.

"तांबं, महाराज. आंबट रसानं भांडं खाल्लं आणि तांबं रसात उतरलं. आता लोखंड भेटलं, तर त्याच्यावर येऊन बसलं. सारातलं मात्र राणीसाहेबांच्या पोटात गेलं."

"म्हणजे विष घातलं कुणी?"

भिवरानं लाल खिळा राजाच्या हातावर ठेवला.

मग राजाच म्हणाला, "मी."

मग तो स्वतः चालत कल्हईवाल्याकडे गेला, हात जोडले आणि त्याला घेऊन आला. भांडी पुन्हा पांढरी झाली. वैद्यबुवांनी राणीला औषध दिलं. आठव्या दिवशी ती उठून बसली आणि म्हणाली, "भिवराबाई, मऊ भात आणि तूप वाढा."

भिवरानं वाढलं. राणी पोटभर जेवली. त्या घरात मग कुणी आजारी पडलं नाही, सगळी सुखानं नांदली. चला, पांघरुणात पाय घ्या आणि मिटा डोळे.