खारूताईची घाई

"...आणि पोर अडलंच, तर तुझी खार काय करते?" गुरुजींनी विचारलं.

"अडू देतच नाही ना!" मकरंद खुलला. "मूल जरा गप्प झालं, की खारूताई सरसर झाडावरून उतरते. म्हणते, 'पाचातले दोन आठाला दे, झाले दहा! उरले तीन, झाले तेरा!' आणि शेपटी उडवून नाचते. पोरं खूश, बाई खूश. गावोगावच्या शाळांनी घेतलंय, गुरुजी."

गुरुजी पडवीत बसून बिरड्यासाठी वाल सोलत होते. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, पण रिकामं बसणं काही त्यांना जमत नव्हतं.

मकरंद त्यांचाच विद्यार्थी. लहानपणी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होणारा. आता पुण्यात लहान मुलांना बेरीज शिकवणारं सॉफ्टवेअर करत होता, आणि त्यातली ही कार्टूनमधली खारूताई म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत.

"एवढं छान चाललंय, तर इतक्या लांब का आलास?"

मकरंदचा चेहरा उतरला. त्यानं अंगणात पाहिलं. तिथं त्याची लेक रेवा मांजरीच्या मागे धावत होती.

"हिच्यासाठीच केली हो खारूताई. आवाजसुद्धा माझाच, बारीक करून घातलाय. सगळ्यात आधी हीच शिकली. आणि आता... पाटीवर साधी बेरीज घातली तर नुसती बसून राहते. बाई रागावल्या तरी ढिम्म. पोरगी हुशार आहे, गुरुजी! कुठं चुकलं तेच कळत नाही."

गुरुजींनी रेवाला हाक मारली. पाटावर वालाच्या दोन ढिगल्या केल्या. एकीत आठ, दुसरीत पाच.

"सगळे मिळून किती गं?"

आणि ते परत वाल सोलायला लागले. प्रश्न एकदाच विचारायचा आणि आपल्या कामाला लागायचं, ही त्यांची जुनी रीत. वर्गातसुद्धा प्रश्न टाकून ते खुशाल खिडकी पुसत बसायचे.

रेवा मान वर करून आढ्याकडे बघत राहिली. खारूताई वरूनच उतरते ना!

कोणी उतरलं नाही...

मकरंदचा जीव कासावीस झाला. तो पुढं सरकला, तसा गुरुजींनी मान वर न करता नुसता हात वर केला.

...

मग हळूच रेवाची नजर खाली आली. पाचांच्या ढिगलीतला एक वाल तिनं बोटानं हलवला. परत जागेवर ठेवला. कपाळाला आठी पडली. पुन्हा तोच वाल उचलला, आणि हात आठांच्या ढिगलीकडे निघाला...

"दोन दे ना आठाला, बाळा!" मकरंदच्या तोंडून निसटलंच.

रेवा खुदकन हसली. "तेरा!" वाल खाली टाकून तिनं टाळ्या पिटल्या.

"बघा! येतंय की तिला!" मकरंद म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याची नजर त्या टाकलेल्या वालावर गेली.

मेल्या जिभेला कसली घाई झाली होती! अजून थोडं, अगदी थोडं थांबला असता तर...

"गुरुजी, दुसरी बेरीज घाला. या वेळी शब्द काढणार नाही. शप्पथ," तो गुरुजींच्या कानाशी कुजबुजला.

गुरुजींनी नव्या ढिगल्या केल्या. एकीत सात, एकीत सहा.

"आणि हे?"

रेवानं ढिगल्यांकडे पाहिलंच नाही. आढ्याकडेही नाही. ती वळून बापाच्या तोंडाकडे बघत बसली. हसऱ्या डोळ्यांनी, अगदी विश्वासानं.

मकरंदनं ओठ घट्ट मिटले. त्याचे डोळे भरून आले.

गुरुजींची वाटी भरत आली. पोर काही हललं नाही.

"मी गप्प बसलोय, गुरुजी..." शेवटी तो कसाबसा पुटपुटला.

गुरुजींनी वालाचं साल बाजूला टाकलं.

"हो. पण तू बोलणार नाहीस, हे तिला कुठं ठाऊक आहे?"