वारुळाला वाहायचे दूध

धाकट्या जावेचे डोळे दुखत होते, तेव्हा मी चार पौर्णिमांचे उपोसथ, म्हणजे उपवास, धरले होते. दर उपोसथाला शेजारणींना एक जातककथा सांगेन, असेही बोलले होते. त्यातलीच ही एक.

पूर्वी चंपानगरीत वसुदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या गवळीवाड्यात पूर्णक नावाने जन्मले होते. घरात दूधदुभते भरपूर, मूल तेवढे नव्हते. म्हणून पत्नी भद्रिकेने व्रत धरले. एकवीस दिवस रोज सकाळी वारुळातल्या नागाला चरवीभर दूध वाहायचे. त्यातला थेंबही दुसरीकडे गेला, की व्रत मोडले.

शेजारी चित्रा नावाची बुरडीण राहत असे. वेताच्या टोपल्या विणून एकटी पोट भरी, आणि पूर्णकाला चिडवी, की नागाला निर्भेळ दूध अन् आमच्या वाट्याला नदी.

एकविसाव्या सकाळी नवराबायको निघाली, तेव्हा चित्रा वारुळाजवळ वेत कापीत होती. नाग डिवचला गेला. त्याने फणा काढून दुरूनच विषाची पिचकारी मारली, ती थेट तिच्या दोन्ही डोळ्यांत. ती कळवळून डोळे चोळू लागली. जमलेली म्हातारी माणसे म्हणाली, हा देवाचा कोप आहे, डोळ्यांत वारुळाचीच माती भरा.

पूर्णकाने चित्राचे हात धरले आणि माती दूर सारली. गुरे राखताना त्याने पाहिले होते, की असे विष डोळ्यात राहिले तर बुबुळ जाळते, आणि चोळले तर आणखीच. लगेच धुवायला हवे होते. नदी तर अर्धा कोस लांब. त्याने चरवीकडे पाहिले, पण मागायचा धीर होईना.

भद्रिकेनेच चरवी पुढे केली. म्हणाली, "व्रत काय, पुन्हा धरता येईल. हिची नजर गेली तर कुठून आणायची?"

पापण्या उघड्या धरून तो बारीक धार सोडू लागला. चित्रा कण्हत कण्हतच म्हणाली, "दादा, आज तरी पाणी नाही ना घातलेस?"

"नाही गं. ते आता नदीवर घालतो."

नदीकाठी त्याने कितीतरी वेळ तिचे डोळे धुतले, मग वैद्याकडे नेले. वैद्य म्हणाला, उशीर झाला असता तर माझ्या हाती काही उरले नसते. पाचव्या दिवशी चित्राने डोळे उघडले, भद्रिकेला न्याहाळले आणि म्हणाली, "वहिनी, अंबाडा सुटलाय तुझा." भद्रिका हसता हसता रडू लागली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची चित्रा ती आजची भिक्खुणी खेमा, भद्रिका ती राहुलमाता, आणि तो गवळी मीच होतो." आपल्या मागणीच्या आधी दुसऱ्याची वेदना पाहणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची पूर्णता.

बायांनो, तुम्हीही व्रते धरा, मनापासून धरा. पण वाटेत कुणी कळवळताना दिसले, तर भद्रिकेसारखी हातातली चरवी आधी तिकडे द्या.