खेमाजीला दिसणारा आंबा

डोंगरदऱ्यांत एक लहानसे राज्य होते. आपल्या म्हाताऱ्या चाकरांना ते विसरत नसे. दरबारच्या सेवेतून जो निवृत्त होई, त्याला आयुष्यभर धान्य मिळे, आणि आजारपणात दरबारचा वैद्य त्याच्या घरी येई. याशिवाय आणखी एक सोय होती. राज्यात दातांचा एक वैद्य होता आणि डोळ्यांची एक वैद्यीण होती. दोघांनाही सगळ्यांकडे पाहणे जमणारे नव्हते. म्हणून निवृत्त माणसाने दात किंवा डोळे, यांपैकी एकच निवडायचे. निवड मार्गशीर्ष पौर्णिमेला होई. सूर्य मावळताना वहीवर शिक्का बसला, की पुढची पाच वर्षे ती बदलत नसे.

त्या वर्षी निवृत्त झालेल्यांत खेमाजी टेहळ्या होता. चाळीस वर्षे तो गडाच्या सर्वांत उंच बुरुजावर उभा राहिला होता. दोन कोसांवरची धूळ पाहून तो सांगे, गुरे आहेत की घोडे. घोडे असतील तर किती, आणि दमलेले की ताजे. एकदा त्याच्या एका हाकेमुळे दरवाजे वेळेवर बंद झाले आणि गड वाचला. तेव्हापासून खुद्द राजा त्याला ‘गडाचा डोळा’ म्हणे. पुढे शांततेची वर्षे आली. दरीत धनगरांच्या मेंढ्यांखेरीज फारसे काही हलत नसे.

पौर्णिमेला गडाच्या सदरेवर सगळे जमले. विसाजीपंत कारकून वही उघडून बसले होते.

“दात लिहा,” मुदपाकखान्याचा आचारी भिवबा म्हणाला. “सगळा जन्म दुसऱ्यांना खाऊ घातलं. आता मला चावता यायला हवं.”

त्याच्यामागे लखूबा नगारची होता. नगारा वाजवून वाजवून त्याचे कान गेले होते. “पंत, कानांचं काही नाही का?”

“नाही, लखूबा!”

“काय?”

“नाही म्हटलं!”

सदर हसली. लखूबाने दात लिहून घेतले.

मग खेमाजी पुढे झाला. “दात,” तो म्हणाला. कोणालाच नवल वाटले नाही. गडाच्या डोळ्याला डोळ्यांची वैद्यीण कशाला हवी? पंतांनी दात लिहिले.

त्याची बायको सगुणा त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “अहो, दात कशाला? परवा अख्खा ऊस दातांनी सोलून खाल्लात. आणि आज सकाळी मांजर समजून उशीला हाकलत होतात.”

“जवळचं जरा धूसर दिसतं गं, वय झालं. लांबचं विचार. लांबचं मला लख्ख दिसतं.”

तो खोटे बोलत नव्हता. त्याची तशी खात्रीच होती.

डोळ्यांची वैद्यीण गिरजाबाई जवळच उभी होती. महिन्यापूर्वीच ती दूरच्या प्रांतातून इथे आली होती. ती म्हणाली, “बाबा, मी या मुलखात नवी आहे. सूर्य मावळायला अजून दोन घटका आहेत. बुरुजावरून मला तुमचा मुलूख दाखवाल का?”

खेमाजी खूश झाला. बुरुजाला एकशे तीस पायऱ्या होत्या, त्यांतली एक्क्याऐंशीवी फुटकी होती. तो कशालाही न धरता चढला आणि फुटकी पायरी नेमकी ओलांडून गेला. मागोमाग सगुणा, गिरजाबाई, लखूबा आणि आणखी पाचसहा जण धापा टाकत वर आले.

खेमाजीने हात लांब केला आणि बोलू लागला. “ती जुळी टेकडी. डावीच्या माथ्यावर तीन धोंडे, मधला काळा. तिथून वाट उतरते ती पायघोळ अंगरख्याच्या घडीसारखी, चार वळणं घेऊन. तिसऱ्या वळणावर करवंदीची जाळी. घोडा असला तर तिथे हमखास बुजतो.” त्याने नदीचा प्रत्येक डोह दाखवला, उताराची जागा दाखवली, नावेचा खुंट दाखवला. बोट कुठेच अडखळले नाही. लोक श्वास रोखून ऐकत होते. गिरजाबाईने आयुष्यभर डोळे तपासले होते. पण असे पाहणे तिने कधी ऐकले नव्हते.

“आणि ओढा नदीला मिळतो तिथे ते आंब्याचं मोठं झाड,” खेमाजी म्हणाला. “एक फांदी पाण्यावर वाकलीय. आत्ता तिच्यावर बगळे बसलेत.”

लखूबाचे कान गेले असले तरी डोळे चांगले होते. तो बोटाच्या रोखाने पाहत राहिला. “काय दाखवतोयस रे, खेम्या?”

खेमाजीने त्याच्या कानाशी तोंड नेले. “आंबा!”

“कुठला आंबा?” लखूबा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. “तो वैशाखातल्या वादळात उन्मळून पडला की! त्याची लाकडं तुझ्याच चुलीत जळतायत!”

सगुणाने मान खाली घातली. सात महिने ती त्याच लाकडांवर भाकऱ्या भाजत होती.

खेमाजीने पुन्हा पाहिले. आंबा जागेवर होता. पाने हलत होती. त्याने डोळे चोळले. आंबा तरीही होता. मग त्याने डोळे घट्ट मिटले. मिटलेल्या डोळ्यांनाही तो आंबा तसाच दिसत होता, बगळ्यांसकट.

“बाई, हे काय आहे?” त्याने विचारले.

गिरजाबाईने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिले. दोन्ही बुबुळांवर दुधासारखा पडदा होता. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही हा मुलूख इतका जीव लावून पाहिलात, की डोळे थकल्यावर मनाने तो दाखवायचं काम हाती घेतलं. असं मी कुठेच पाहिलं नाही. मी तुम्हाला हात जोडते. पण त्या मुलखात आता नवं काही येणार नाही.”

खेमाजी खाली निघाला. या वेळी त्याचा हात भिंतीवर होता.

सूर्य डोंगराला टेकला होता. पंतांनी शिक्का शाईत बुडवला होता. लखूबाचा आवाज खालपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे सदरेवर कोणी खेमाजीकडे सरळ पाहत नव्हते. गप्प राहिला असता तर कोणी काही विचारलेही नसते. दात लिहिलेले होतेच.

“पंत, ते खोडा,” तो म्हणाला. “डोळे लिहा.”

“डोळे? कुणाचे, खेमाजीदादा?”

“माझे. मला दिसत नाही.”

हे तीन शब्द उच्चारायला त्याला बुरुज चढण्याहून अधिक बळ लागले. पंतांनी दात खोडून डोळे लिहिले. तेवढ्यात मागून एक जुना तिरंदाज पुढे आला आणि पुटपुटला, “पंत, माझंही बदला.” मग शिक्का बसला.

गिरजाबाईचे घर नदीपलीकडे होते. तिथे तिने खेमाजीच्या डोळ्यांवरचा पडदा काढला, आणि तो एकवीस दिवस पट्टी बांधून पडून होता. बाविसाव्या दिवशी पहाटे तिने पट्टी सोडली आणि त्याला अंगणात आणले. तिथे सगुणा उभी होती. तो तिच्याकडे पाहतच राहिला.

“अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?”

“तुम्ही लांबचं बघत होतात तेव्हा.”

दोघे घरी निघाले. नदीकाठच्या उतारावर येताच खेमाजी थबकला. खाली एक वस्ती होती.

“ही कुठली वस्ती?”

“चार वर्षं झाली की,” सगुणा म्हणाली. “पुरात गाव गेलेली माणसं इथे येऊन राहिलीत.”

खेमाजीने घरे मोजली. सतरा होती. एका छपरावर एक बाई बाजरीची कणसे पसरत होती. दोन घरांच्या मधल्या बोळात वासरू दोरीला ओढ देत होते. धुराच्या सतरा रेघा वर जाऊन एक झाल्या होत्या. ही वस्ती बुरुजाच्या अगदी समोर होती. निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी त्याने किल्लेदाराला सांगितले होते, ‘सगळं ठीक. नवं काही नाही.’

एक अख्खे गाव त्याच्या डोळ्यांदेखत उभे राहिले होते. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“चला, जवळून बघून येऊ,” सगुणा म्हणाली.

खेमाजी उतार उतरू लागला. दर दहा पावलांवर तो थांबे आणि पाही. सगुणाने त्याला एकदाही घाई केली नाही.

तात्पर्य: आपण एके काळी कोण होतो यावरून उतारवयातली सोय निवडू नये, आज आपले काय कमी झाले आहे ते ओळखावे आणि ते चारचौघांत सांगून मागून घ्यावे.