जंगूबाईची हजेरी

शनिवार, सकाळचे साडेअकरा. कोसंबीगुड्याची शाळा, सातवीचा वर्ग. काव्यवाचनाची स्पर्धा संपून दहा मिनिटं झाली होती.

“माझ्या वर्गात काय कमी होतं, गुरुजी?”

विचारताना प्रल्हाद पांचाळचा आवाज चिरकला. परीक्षक होते येरावार गुरुजी. मास्तरकी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आणि त्यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायला निवडला आत्राम बाईंचा वर्ग. नोकरीत दोन वर्षं पुरी न झालेल्या आत्राम बाईंचा!

“पाच भाषांतल्या पाच कविता बसवल्या मी. कोलामी, गोंडी, बंजाऱ्यांची गोरमाटी, उर्दू, तेलुगू. पाच पोशाख, पाच पाट्या. एक पोर अडखळलं नाही.”

“नाही अडखळलं.”

“बाईंचा तो मुलगा म्हैस हरवल्याचं सांगता सांगता रडला. ही काय कविता झाली?”

“मीही रडलो,” गुरुजी म्हणाले.

प्रल्हादच्या अंगाचा तिळपापड झाला. एकेकाळी हेच गुरुजी त्याची पाठाची वही नमुना म्हणून साऱ्या वर्गात फिरवायचे.

“बाईंच्या वर्गात शिकवणं होतंच कुठे? हजेरीलाच अर्धा तास! ‘हजर’ म्हणायचं नाही. ज्याने त्याने घरच्या बोलीत दोन ओळी सांगायच्या. त्याच ओळी आज मंचावर आणल्या. सगळं आयतं.”

गुरुजींनी हात पुढे केला. “तुझं हजेरीपत्रक दे.”

मुलं अजून बाकांवरच होती, भाड्याच्या पोशाखांत घामेजलेली. गुरुजी एकेक नाव घेऊ लागले. हजर. हजर. हजर.

“जंगूबाई टेकाम.”

शेवटच्या बाकावरची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवर पाटी होती : ‘कोलामी’.

“आहे की गुरुजी ती,” शेजारची बोलली.

“तू कोण?”

“पूनम राठोड. तांड्यावरची. तिचं हजर मीच म्हणते. कोलामी कविता पण मीच म्हटली. जंगूनं पाटी धरली.”

“तिचं तू का म्हणतेस?”

पूनमने एकदा प्रल्हादकडे पाहिलं.

“जूनमध्ये पहिल्या दिवशी तिचं नाव आलं ना, तर ती उभी राहून त्यांच्या बोलीत लई वेळ कायतरी बोलली. पोरं हसली. मग सर म्हणले, वेळ जातो, तिचं तूच म्हणत जा.”

प्रल्हादने ओठ ओले केले. “चाळीस मुलं आहेत, गुरुजी... आणि आज आवाज स्वच्छ हवा होता...”

गुरुजींनी हजेरीपत्रक मिटून त्याच्या हातात दिलं.

“सात महिने झाले, प्रल्हाद. त्या दिवशी ती काय बोलली, हे अजून तिला कुणी विचारलेलं नाही.”