तांबडी फुले आणि पांढरी अळंबी

एका राज्यात पाखरे माणसांना नावाने हाक मारीत. तिथे वज्रनख जादूगाराने राजकन्या मंदारिकेचे झाड केले आणि रूप पालटून तो त्या झाडावरच लपला.

झाडावर दोनच गोष्टी उगवल्या. हिरव्या फांदीवर तांबड्या फुलांचे झुडूप, आणि वाळक्या फांदीवर पांढरी, कानासारखी अळंबी. राजकन्येचा धाकटा भाऊ सुकेतू रोज झुडपाला पाणी घाली. "ताई हसते आहे," म्हणे. अळंबी दिसली की थुंके. पण झाड सुकतच चालले.

एके दिवशी धनेश पक्षी समोर येऊन बसला.

"सुकेतू, आज मावळतीला झाड मरेल. दोघांपैकी एक जादूगार आहे. कुऱ्हाडीचा घाव एकच. चुकलास तर बहीण गेली."

"त्यात काय अवघड? अळंबीच!"

"उतावळ्या, आधी तीन कामे कर. दोघांवर घोंगडी टाक."

दुपारी घोंगडी काढली. फुलांनी माना टाकल्या होत्या. अळंबी जशीच्या तशी.

"अंधारात जगते! हीच ती चेटकी."

"आता दोघांना हलव."

झुडपावरून पिकली फळे पडली. अळंबीतून पांढरी पूड उडाली.

"बघ, धूर सोडते!"

"तिचे बी तसेच असते. आता दोघांचे जेवण बघ."

सुकेतूने अळंबीखालची साल सुरीने खरवडली. आत कोरडे, मेलेले लाकूड. जिवंत फांदीला ती शिवलीही नव्हती. मग त्याने झुडपाच्या बुडाची साल उचलली, आणि सुरी हातातून गळाली. झुडपाची मुळे जिवंत लाकडात रुतली होती. त्यांतून ऊन रक्त वर चढत होते, थेट फुलांपर्यंत.

"ताईचं रक्त... आणि मी याला पाणी घातलं?"

"रडणे नंतर. सूर्य बघ."

सुकेतूने डोळे मिटले नाहीत. घाव बसला. झुडूप माणसासारखे किंचाळले. खाली पडला तो वज्रनख, आणि पडता पडताच त्याची राख झाली. खोड दुभंगले. मंदारिका बाहेर आली, पिवळी पडलेली, थरथरणारी.

"काय रे सुक्या," ती म्हणाली, "रोज त्याला पाजत होतास. मी आतून किती ओरडले!"

शाप सरला. वेशीवर नगारे झडले, राजाने मुलीला पालखीत बसवले. सुकेतू मात्र तोंडावर हात धरून तिथेच उभा राहिला. शेवटी मंदारिकेनेच पालखी थांबवली आणि त्याचा हात धरून त्याला आत ओढले.