तीनदा घातलेलं मीठ

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक फटकळ बाई राहत होती. तिची लेक गावच्या शाळेत शिकत होती. शाळेत रोज दुपारी पोरांची पंगत बसे आणि गावातल्या आया आळीपाळीने येऊन खिचडी रांधत. कुणी हुकूम केला म्हणून नव्हे, पोरं आपलीच म्हणून.

एकदा काय झालं, वर्गात एका मुलाने भीतीने चड्डी ओली केली. स्वयंपाकाला आलेल्या एका बाईने ती गोष्ट पाणवठ्यावर नेली. पोराला जो तो चिडवू लागला आणि त्याने शाळाच सोडली. गुरुजींच्या मनाला ते फार लागलं. माणूस सज्जन, पण रागाच्या भरात त्यांनी एक करारच लिहून काढला. शाळेत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. काम करताना आपसांत बोलायचं नाही. विचारल्याशिवाय गुरुजींशीही बोलायचं नाही. जी अंगठा देईल तीच आत येईल.

बायकांनी कुरकुर केली आणि अंगठे दिले. फटकळ बाईने मात्र कागद दोनदा वाचून घेतला.

"पोराची लाज मी बाहेर नेणार नाही, त्यावर आत्ता अंगठा देते," ती म्हणाली. "पण पोराच्या ताटात काही वावगं दिसलं, तर मी तुमच्या विचारण्याची वाट बघणार नाही, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, मान्य तर सगळा कागद मान्य, नाहीतर दाराबाहेर. ती दाराबाहेर राहिली. शेजारणीने समजावलं, अंगठा दिल्याने काय बोट झिजतं? लेकही रुसली, सगळ्यांच्या आया आत आणि माझीच बाहेर. तरी बाई हटली नाही.

तिसऱ्या दिवशी खिचडीचं मोठं पातेलं चुलीवर चढलं. रांधणाऱ्या तिघींपैकी पहिलीने मीठ घातलं आणि ती पाणी आणायला गेली. दुसरीला वाटलं, मीठ राहिलंच. विचारायची सोय नव्हती, तिने घातलं. मग तिसरीनेही घातलं. चव घेतली तेव्हा तिघींची तोंडं वाकडी झाली, पण कराराला जागून तिघी गप्प राहिल्या.

पंगत बसली. शाळेच्या रिवाजाप्रमाणे गुरुजींनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. कसाबसा घास गिळून त्यांनी विचारलं, "चव पाहिली नव्हती का कुणी?"

"पाहिली होती," त्या तिघींतलीच एक, फटकळ बाईची शेजारीण म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, गुरुजी."

पोरं खदखदून हसली. तेवढ्यात दारातून फटकळ बाईचा आवाज आला.

"आज मीठ होतं, गुरुजी. उद्या पातेल्यात पाल पडली तर?"

आता कुणी हसलं नाही. गुरुजींनी पंगतीकडे पाहिलं. साठ पोरं ताटं पुढ्यात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी कागद आणवला आणि पोराची लाज राखायची तेवढी एक ओळ ठेवून बाकी सगळं खोडलं. खाली लिहिलं, पोरांच्या काळजीचं कुणीही केव्हाही सांगावं, मी ऐकून घेईन. त्यावर पहिली सही त्यांनी स्वतःची केली.

मग बाईने अंगठा दिला. आत येऊन तिने दुसरं पातेलं चढवलं आणि चूल पेटता पेटता गुरुजींना शाळेबद्दलच्या तीन गोष्टी सुनावल्या. गुरुजींनी तिन्ही ऐकून घेतल्या.

तात्पर्य: ज्यांचे हात मदतीला हवेत, त्यांचं बोलणंही ऐकून घ्यावं लागतं.