हैबतीनं परसबाग आवरली

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे त्या गावात नवरे पुष्कळ होते, पण भोळा एवढा एकच. नाव हैबती. आपल्या डोक्याविषयी त्याचा काही गैरसमज नव्हता. तो स्वतःच पारावर सांगायचा, "अक्कल वाटत होते तेव्हा मीही रांगेत होतो. कुणीतरी म्हणालं, पुढे सरका. मी सरकत सरकत पार दाराबाहेर गेलो."

लोक हसायचे. हैबती त्यांच्याआधी हसायचा.

त्याची बायको द्वारका मात्र हुशार. घरामागच्या परसात तिनं अशी बाग केली होती की बाजारातून आणायची तर फक्त मीठ-साखर. पण त्या वर्षी दिवाळी झाली आणि मांडवावरचे दोडके काढताना ती शिडीवरून पडली. पायाला प्लास्टर बसलं. दीड महिना पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे थंडी तोंडावर आली. त्या गावची थंडी वाईट, पहाटेचं दव पानावरच गोठायचं. त्याच्या आत पावसाळी वेल काढायचे, वाफे साफ करायचे, नवी भाजी पेरायची, म्हणजे मग हिवाळाभर ताटात हिरवं दिसतं.

"तुम्हालाच करावं लागेल," द्वारका बाजेवरून म्हणाली. "मी सांगते तसं करा. आपलं डोकं लावू नका."

"लावायला पाहिजे ना ते," हैबती म्हणाला आणि कामाला लागला.

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, मांडवावरचं वाळलेलं सगळं ओढून काढा आणि उकिरड्यावर टाका. हैबतीनं ओढून काढलं. वेल वाळले होते, ते टाकले. तीन दोडके वाळले होते, ते टाकले. एक दुध्या भोपळा वाळून खडखडत होता, त्याला लाल दोरा बांधलेला होता. दोरा सोडून घेतला आणि भोपळा टाकला. उकिरड्याला सकाळीच कुणीतरी काडी लावली होती, त्यामुळे काम लवकर उरकलं.

द्वारकेनं कपाळाला हात लावला. तो भोपळा बियाणाचा होता. तिच्या आईनं लग्नात दिलेलं बी, अकरा वर्षं एकातून दुसरं धरत आणलेलं. ती ओरडली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानं हैबतीला जास्तच वाईट वाटलं.

"अहो, वाळलेलं टाकायचं नसतं," ती शेवटी म्हणाली. "राख चोळायची आणि डब्यात भरून ठेवायचं."

"चुकलं. आता लक्षात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलंच लक्षात. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी तिनं वाफ्यांतला पालापाचोळा गोळा करायला सांगितला. पाचोळा चांगला कडकडीत वाळलेला. हैबतीनं चुलीतली राख आणली. एकेका पानाला चोळायची म्हणजे वेळ लागतो, पण त्यानं कंटाळा केला नाही. दुपारी द्वारकेनं पोह्यांचा डबा मागितला. झाकण काढलं तर आत शेवग्याचा पाला. दुसरा डबा उघडला, त्यात पेरूची पानं. पोहे, शेंगदाणे आणि साखर कुठं गेली म्हणून विचारलं, तर हैबती म्हणाला, बादलीत आहेत, एकत्रच आहेत, शोधायला सोपं.

द्वारकेनं डोळे मिटून घेतले. मग सांगितलं की बागेतून निघालेलं घरात आणत नसतात. खड्डा करायचा, त्यात घालायचं, वर शेण, वर माती. मग तीन महिने उघडायचं नाही.

"चुकलं. आता लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी रताळी काढायची होती. हैबतीनं ती इतक्या जपून खणली की एकालाही कुदळ लागली नाही. दोन टोपल्या भरल्या. त्या बघून त्याला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि कौतुकाच्या भरातच त्यानं त्या खड्ड्यात ओतल्या. वर शेण, वर माती. हात धुऊन घरात आला आणि आता तीन महिन्यांनी बघू म्हणाला.

"खायची वस्तू पुरलीत?"

"आधीही पुरलेलीच होती," हैबती म्हणाला. पण म्हणता म्हणताच त्याला शंका आली. त्यानं स्वतःच्या टाळूवर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. "ऐकलंस?" तो द्वारकेला म्हणाला. रुसलेली द्वारका हसली, आणि त्या हसण्यासाठी हैबतीनं अख्खा खड्डा पुन्हा उपसला. रताळी शेणासकट वर आली. तिनं सांगितलं, खायची वस्तू स्वच्छ धुवायची आणि उन्हात पसरायची.

पुढच्या दिवशी तिनं मापटंभर मेथीदाणा दिला आणि पेरा म्हणाली. हैबतीनं एक दाणा चावून पाहिला. कडू होता, पण खायचाच होता. मग त्यातला निम्मा त्यानं तीन पाण्यांनी धुतला आणि अंगणात पोत्यावर पसरला. चिमण्या आल्या. मग पारवे आले. हैबती पायरीवर बसून बघत राहिला. धुतलेलं धान्य पाखरांनाही आवडतं, हे त्याला नवीनच कळलं.

"अहो, बघत काय बसलात? डबा बडवायचा," द्वारका म्हणाली. "ढेकळं मारायची. न विचारता परसात शिरेल त्याला हुसकून लावायचं."

"चुकलं. आता लक्षात ठेवतो."

उरलेली मेथी मात्र त्यानं नीट पेरली. शेजारच्या वाफ्यात पालक पेरला, त्याच्या कडेनं कोथिंबीर. पाणी दिलं. पंधरा दिवसांत वाफे हिरवे झाले. हैबती रोज चार वेळा जाऊन बघायचा. आपल्या हातून एक गोष्ट सरळ झाली, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. द्वारकेलाही बरं वाटलं.

अशात तिचे कोंडाजीमामा तिची चौकशी करायला आले. म्हातारा माणूस, डोक्याला पटका, हातात कांद्याच्या रोपाची जुडी. पुढचं दार बंद दिसलं म्हणून ते परसातून आले. न विचारता आले. हैबतीनं डबा उचलला आणि बडवला. मामा थांबले. मग पहिलं ढेकूळ गेलं. दुसऱ्या ढेकळाला पटका पडला, तिसऱ्याला मामा वेशीपाशी होते.

द्वारका त्या दिवशी खरंच रडली. माहेरचं एवढंच एक माणूस उरलं होतं.

"आता एकच ऐका," ती म्हणाली. "दारात जो येईल त्याला हात जोडायचे. कोण, कुठला, विचारत बसायचं नाही. या म्हणायचं, पाणी द्यायचं, घरात असेल ते पुढे करायचं."

हैबतीनं या वेळी नुसती मान हलवली. नुसती मान हलवली.

चार दिवसांनी मेंढ्यांचा एक कळप गावातून चालला होता. मेंढपाळ हॉटेलात चहा प्यायला थांबला आणि कळप पुढे आला. पुढची मेंढी परसाच्या फाटकाशी थबकली आणि हैबतीकडे बघू लागली. हैबतीनं फाटक उघडलं आणि हात जोडले.

"या," तो म्हणाला.

सगळ्या आल्या.

द्वारकेच्या बाजेवरून परस दिसत नव्हतं. तिला नुसती चाहूल लागली.

"कोण आलंय?"

"पाहुणे."

"बसा म्हणालात?"

"म्हणालो. ते उभेच बरे आहेत."

"पाणी?"

"दोन घमेली दिलं."

"आणि खायला?"

"होतं ते पुढे केलं. आवडीनं खाताहेत."

द्वारकेनं समाधानानं उशीला पाठ टेकली. आज प्रथमच सांगितल्यासारखं झालं होतं.

"थोडा आग्रह करा," ती म्हणाली. "आधी सगळे नको म्हणतात."

"नको कुणीच म्हणत नाही."

"किती जण आहेत?"

हैबतीनं मोजायचा प्रयत्न केला. पण मंडळी मेथी संपवून पालकाकडे सरकत होती, त्यामुळे आकडा चुकत होता.

"मोजता येत नाहीत," तो म्हणाला. "पण माणसं चांगल्या घरची दिसताहेत, द्वारके. थंडी अजून पडली नाही, तर झाडून सगळ्यांच्या अंगात लोकरीचं आहे."